मदत हवी आहे: डिशवॉशरसाठी परवडणारी आणि खरंच साफ करणारी पावडर कोणती?

पाऊसवेडी (सोमवार, रात्री १०.४०)
डिशवॉशर घेऊन सात महिने झाले. आधी गोळ्या वापरल्या, मग दोन वेगवेगळ्या पावडरी आणल्या. काचेचे ग्लास पांढुरके निघतात आणि स्टीलच्या ताटावर बोट फिरवलं की फळ्यावरचा खडू लागावा तसं हाताला लागतं. पावडरीने तर गोळीपेक्षा वाईट. गोळी मला साधारण १७ रुपयांना पडते, दिवसाला दोन लोड, म्हणजे महिन्याला हजाराच्या वर गेले. एवढं करून सगळं परत नळाखाली विसळायचं असेल तर काय उपयोग?
शनिवारी सासरची बारा माणसं येणार आहेत, दोन दिवस मुक्काम. कृपया वापरून पाहिलेल्या, स्वस्त आणि चांगल्या पावडरचं नाव सांगा. बाई लावा, हाताने घासा हे सल्ले नकोत.

नाचणी (रात्री १०.५२)
मशीन कोणतं? पाणी कुठलं? मशीनच्या टाकीत पाणी मऊ करणारं मीठ घालता का? प्रोग्रॅम कोणता लावता?

जुनीजाणती (रात्री ११.०५)
रिठे भिजत घालून त्याचं पाणी काढा, त्यात चिमूटभर खायचा सोडा. आमच्या आईने चाळीस वर्षं पितळेची भांडी रिठ्याने आणि चिंचेने लख्ख ठेवली. रसायनं पोटात जात नाहीत.

नाचणी (रात्री ११.११)
जुनीजाणतीताई, रिठा हाताने घासायला उत्तम, पण मशीनमध्ये नको. त्याला फेस येतो. फेस झाला की पंपात हवा शिरते, फवाऱ्याला जोर राहत नाही आणि मशीन एरर दाखवून थांबतं. भांड्यांचं लिक्विड घातल्यावर होतं तेच.

पाऊसवेडी (मंगळवार, सकाळी ७.२०)
मशीन चांगल्या कंपनीचं आहे, १४ सेटिंगचं, म्हणजे चौदा जणांची भांडी मावतील असं. पाणी महापालिकेचं. मीठ मशीन बसवायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी भरलं असणार, मिठाचा दिवा कधी लागला नाही म्हणजे संपलेलं नाही. प्रोग्रॅम रोज एकच, कढईवाला. आता पावडर सांगाल का कुणी?

तांबडारस्सा (सकाळी ८.०२)
मी चार वर्षं फिनिशची पावडर वापरतो. गोळीत डोस कमीजास्त करता येत नाही, पावडरीत येतो. चहाचे कप आणि नाश्त्याच्या प्लेटा असतील तर १२-१५ ग्रॅम, मटणाची भांडी असतील तर २५. मला एक धुणं आठ-नऊ रुपयांत पडतं. पावसाळ्यात मात्र पाकीट तसंच ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. दमट हवेत ढेकळं होतात आणि त्यातल्या परकार्बोनेटचा, म्हणजे डाग उडवणाऱ्या घटकाचा, जोर जातो. पावडर टाकायचा कप्पाही आधी कोरडा पुसून घ्या.

गच्चीतलीबाग (सकाळी ८.३०)
विकतचं कशाला? धुण्याचा सोडा दोन वाट्या, सायट्रिक ॲसिड एक वाटी, मीठ अर्धी वाटी. मिसळून बरणीत भरा. एक धुणं दोन रुपयांत. मी सहा महिने हेच वापरतेय आणि सांडपाणी झाडांनाही घालते.

खडूफळा (सकाळी ९.१५)
वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, म्हणून यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. सोडा अल्क, सायट्रिक ॲसिड आम्ल. पाणी लागलं की दोघं एकमेकांशीच भिडतात, फसफस होते आणि दोघांचाही जोर कमी होतो. उरलेला सोडा जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो, म्हणजे खडूच. तोच ग्लासवर बसतो. विकतच्या पावडरीत एन्झाइम असतात: अमायलेज भात-बटाट्याचं पिठूळ तोडतं, प्रोटीएज डाळ-अंड्याचं. वाळलेलं वरण सोड्याने सुटत नाही, एन्झाइमने सुटतं. शिवाय हे सोड्याचं पाणी झाडांना रोज घालू नका, माती चोपण होते.

गच्चीतलीबाग (सकाळी ९.४०)
माझे ग्लास स्वच्छ निघतात. माझा मोगरापण छान आहे.

खडूफळा (सकाळी ९.४८)
तुमच्याकडे पाणी कुठलं?

गच्चीतलीबाग (सकाळी ९.५५)
पुण्यात पेठेत राहते. खडकवासल्याचं.

खडूफळा (सकाळी ९.५८)
मग बरोबर. धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात काहीही खपून जातं. हीच कृती बोअरच्या पाण्यात करून बघा.

उनाडवारा (सकाळी १०.३०)
डिशवॉशर घ्यायचाच असेल तर ८ सेटिंगचा घेऊ नका, आपली कुकरची भांडी आणि परात त्यात मावत नाही. वरचा ट्रे खालीवर होतो ना ते बघून घ्या. गरम पाण्याची वेगळी लाइन लागत नाही, आत हीटर असतो.

नाचणी (सकाळी १०.३४)
उनाडवारा, त्यांच्याकडे मशीन आहे हो. पाऊसवेडी, पाणी नक्की फक्त महापालिकेचं? कुठे राहता?

पाऊसवेडी (दुपारी १.१०)
वाकडला. महापालिकेचंच. म्हणजे आमच्याकडे दिवसाआड येतं, २०१९ च्या नोव्हेंबरपासून तसंच चालू आहे. मधल्या दिवशी सोसायटी टँकर मागवते आणि बोअरचंही त्याच टाकीत सोडतात. पण त्याचा पावडरीशी काय संबंध? प्यायचं पाणी आरओचं आहे.

नाचणी (दुपारी १.१४)
सगळा संबंध तिथेच आहे. डिशवॉशरला आरओचं पाणी जात नाही.

तांबडारस्सा (दुपारी १.३०)
आरओवाल्याला बोलवा आणि टीडीएस मोजून घ्या. ५०० च्या वर असेल तर जड.

खडूफळा (दुपारी १.४१)
टीडीएसवरून जडपणा कळत नाही. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून सगळ्या क्षारांचा अंदाज देतं, मिठाचेसुद्धा. जडपणा म्हणजे फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनरमधून काढलेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण ते मऊ असतं. जडपणा मोजायचं थेंबांचं किट आणा, मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं.

तांबडारस्सा (दुपारी १.५०)
सर, आमच्या भागात टीडीएस जास्त तिथे जडपणाही जास्तच निघतो. सामान्य माणसाला अंदाज यायला मीटर पुरेसं आहे.

खडूफळा (दुपारी १.५६)
अंदाज येईल, पण मशीनमध्ये आकडा भरायचा असतो. अंदाजाने भरला तर एकतर मीठ वाया जातं नाहीतर थर बसतो.

म्युनिककर (दुपारी ४.२०)
आमच्याकडेही पाणी जडच. इथे बरेच जण साधी पावडर किंवा गोळी, मीठ आणि रिन्स एड (भांडी डाग न राहता वाळवणारं लिक्विड) तिन्ही वेगवेगळं घेतात आणि ते 'ऑल इन वन' गोळीपेक्षा स्वस्त पडतं. ऑल इन वनमध्ये मिठाचं काम करणारा घटक असतो, पण तो जडपणाच्या साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच पुरतो. एक अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे २१ अंश ३७५ च्या आसपास. त्यापुढे मशीनचं स्वतःचं मीठच लागतं. पाऊसवेडी, मशीनमधला जडपणाचा आकडा किती ठेवलाय? चालू करताना सेटिंगमध्ये दिसतो, मॅन्युअलमध्ये तक्ता असतो.

पाऊसवेडी (मंगळवार, रात्री ९.१५)
आत्ता बघितलं. शून्य आहे.

म्युनिककर (रात्री ९.२२)
शून्यावर मिठाची यंत्रणा बंद असते. बऱ्याच मशीनमध्ये मिठाचा दिवाही बंद होतो, म्हणून तुम्हाला तो कधी दिसला नाही. गोळीत थोडं तरी मिठाचं काम होत होतं. पावडर लावल्यावर तेही गेलं, म्हणून पावडरीने वाईट.

पाऊसवेडी (रात्री ९.३०)
बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "मॅडम, गोळ्याच वापरणार ना, मग मिठाची कटकट नको." मी विश्वास ठेवला. सात महिने माझे ग्लास खराब झाले त्यात. मला खरंच वाईट वाटतंय. लग्नातले आहेत ते सहा ग्लास, आईने दिलेले.

नाचणी (रात्री ९.३७)
अजून आशा सोडू नका. एका ग्लासला व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा. पांढरेपणा गेला तर तो क्षारांचा थर आहे, सगळे ग्लास वाचतील. तसाच राहिला तर काच झिजली आहे, ती परत येत नाही.

जुनीजाणती (रात्री ९.५०)
व्हिनेगर नसेल तर लिंबाची सालं चोळा गं. आणि शनिवारी बारा माणसांचं जेवण तू एकटी करणार आहेस का? पुरणपोळी बाहेरून आण सरळ.

पाऊसवेडी (रात्री १०.२५)
लिंबाने गेला!! कड अगदी पूर्वीसारखी चमकली. आता बाकीचं सांगा. पावडर तर लागेलच ना? आणि मीठ घरातलं चालेल? खडे मीठ आहे दोन किलो.

खडूफळा (रात्री १०.४०)
खडे मीठ नको. त्यात माती आणि स्वतःचंच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, म्हणजे जे काढायचं तेच आत घालाल. मिठाच्या टाकीशेजारी रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याजागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना धुऊन पुन्हा तयार करतं. म्हणून मीठ शुद्ध आणि जाड दाण्याचं हवं.

तांबडारस्सा (रात्री १०.५२)
मी अडीच वर्षं जेवणातलं साधं मीठ घालतोय, काही झालेलं नाही.

खडूफळा (रात्री १०.५८)
बारीक मीठ ओलं होऊन दगडासारखं बसतं आणि त्यात न गुठळणारे पदार्थ मिसळलेले असतात. तुमचं चाललं असेल, पण दुसऱ्याला सांगू नये असं माझं मत आहे.

म्युनिककर (रात्री ११.१०)
पाऊसवेडी, मीठ भरताना: खालचा ट्रे काढा, तळाचं झाकण फिरवा. पहिल्यांदाच भरत असाल तर आधी टाकी पाण्याने भरून घ्या, साधारण लिटरभर, नंतर मीठ. पाणी बाहेर सांडेल, ते ठीक. सांडलेलं मीठ पुसून लगेच एक धुणं लावा. रात्रभर तसंच ठेवलं तर स्टीलच्या तळाला गंज धरतो.

पाऊसवेडी (गुरुवार, संध्याकाळी ६.४५)
थेंबांचं किट आलं. काल महापालिकेचं पाणी आलं होतं तेव्हा चौथ्या थेंबाला गुलाबी रंगाचा निळा झाला. आज टँकरचं आहे. थेंब टाकत गेले, टाकत गेले, सत्ताविसाव्याला निळा झाला. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश. आता आकडा कोणता ठेवू, चारचा की सत्तावीसचा?

खडूफळा (संध्याकाळी ७.०५)
म्हणजे लिटरला ७० आणि ४८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे टँकरवाला मानकाबाहेर नाही, पण तुमच्या ग्लासांना जड आहे. आकडा वाईट दिवसाचा ठेवा. मीठ थोडं जास्त लागेल.

नाचणी (संध्याकाळी ७.१२)
एवढं अजून करा: आतला फिल्टर काढून ब्रशने धुवा, आणि फवाऱ्याचे हात काढून उजेडात धरा. आमच्याकडे एकदा वरच्या हाताच्या भोकांत मोहरीचे सात दाणे आणि कोथिंबिरीची काडी निघाली. टाचणीने काढले, वरच्या ट्रेचे कप लगेच नीट निघायला लागले. नंतर रिकाम्या मशीनमध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड तळाला घालून, पावडर न घालता, सगळ्यात गरम धुणं लावा. आईचे ग्लासही त्यातच ठेवा.

उनाडवारा (संध्याकाळी ७.३०)
हिंदालियमची कढई आणि कुकरचं झाकण चुकूनही घालू नका, काळं पडतं. आमचं पडलं.

गच्चीतलीबाग (संध्याकाळी ७.४४)
हळदीने पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे कोणत्याच पावडरीने साफ होत नाहीत. धुतल्यावर दोन दिवस कडक उन्हात ठेवा, उन्हाने हळद उडते. हे तरी खडूफळा सरांना मान्य असेल.

खडूफळा (संध्याकाळी ७.५१)
पूर्ण मान्य. हळदीचा रंग प्रकाशात तुटतो.

पाऊसवेडी (रविवार, रात्री ११.३०)
माणसं आत्ता गेली. आकडा सत्तावीसच्या टप्प्यावर ठेवला, मीठ दीड किलो बसलं, रिन्स एड भरलं. शुक्रवारची पहिली दोन धुणी थोडी पांढुरकी निघाली, तिसऱ्यापासून साफ. पावडर तीच जुनी, जी मी फेकून द्यायला निघाले होते. वीस ग्रॅम घातली. कपाटात अर्धा किलो अजून पडलीय.
शनिवारी टँकरचंच पाणी होतं. आईच्या ग्लासांत कोकम सरबत दिलं. सासूबाईंनी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, नवीन घेतलेस का.
नाचणी, म्युनिककर, सर, मनापासून आभार. एकच राहिलंय: डाळ ढवळायच्या मोठ्या डावाच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं.

नाचणी (रविवार, रात्री ११.४१)
डाव वरच्या ट्रेमध्ये पालथा, आडवा ठेवा. चमच्यांच्या टोपलीत उभा ठेवला की साचतंच.

तांबडारस्सा (सोमवार, सकाळी ८.१५)
मीठ कुठून घेतलं ते सांगा. मी या वेळी जाड दाण्याचं आणून बघतो.

पाऊसवेडी (सोमवार, सकाळी ८.५०)
व्यक्तिगत निरोप केलाय. सोसायटीतल्या चौघींनी मिळून २५ किलोची गोणी घेतली, सॉफ्टनरवाल्यांकडे मिळते.