कपाटातले डॉलर विकायचे की ठेवायचे?

सायली_लालबाग
आमचे हे दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षभर होते, गेल्या महिन्यात परतले. पगार इथल्या खात्यात रुपयांत जमा व्हायचा, त्यावर घर चाललं. तिकडे हातात मिळालेल्या डॉलरांतून अकराशे वाचवून आणलेत. ते आता गोदरेजच्या कपाटात, माझ्या शालूच्या घडीत आहेत. ह्यांचं आणि सासऱ्यांचं एकच पालुपद, "डॉलर कधी खाली येतो का? राहू दे." मी म्हणते, उद्याच फोर्टात जाऊन विकावेत आणि एफडी करावी. शालूच्या घडीत व्याज मिळत नाही. कुणाचं बरोबर?

लायनगेट_माजी
वहिनी, घाई नको. मी नौदलात पंधरा वर्षं काढली. २००८ मध्ये एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त सुरू झाली, त्यानंतर आमच्या जहाजाला सलाला, जिबुती ही बंदरं पाठ झाली. लिबर्टी, म्हणजे बंदरावर उतरायची सुट्टी, मिळाली की बाकीचे परफ्यूम, चॉकलेटं, घड्याळं घ्यायचे. मी डॉलर राखायचो. २००९ मध्ये डॉलर पन्नासच्या आसपास होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अडुसष्टवर गेला, तेव्हा मुंबईच्या नौदल गोदीच्या लायन गेटातून बाहेर पडलो तो थेट मनी चेंजरकडे. पासष्टने विकले. बहिणीच्या लग्नाचा मांडव त्यातच झाला. तुमचे सासरे शहाणे आहेत.

हिशेबनीस_दादर
(बँकेतून निवृत्त.) लायनगेट, तुम्ही विकलेला महिना सांगितलात, न विकता कपाळाला हात लावलेले महिने नाही सांगितले. साधा हिशेब घ्या. २०१४ मध्ये डॉलर साधारण ६० होता, २०२४ मध्ये ८४. हजार डॉलरचे ६० हजार होते, ते दहा वर्षांत ८४ हजार झाले. तेच ६० हजार ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले असते तर १ लाख १८ हजार. आणि २०१४ मध्ये बँका सातपेक्षा बऱ्याच जास्त देत होत्या. व्याजावर वीस टक्के कर गेला असं धरलं तरी लाखाच्या वरच. डॉलर वाढतो हे खरं, पण व्याजाच्या मानाने तो कासवच.

नियमही ऐका. परतल्यावर परकी नोटा २,००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्याव्या लागतात. नाण्यांना मर्यादा नाही, कारण ती कुणी घेतच नाही.

लायनगेट_माजी
नाण्यांचं अगदी खरं. माझ्याकडे बिस्किटांचा डबाभर आहेत. पुतण्या त्यांनी नवा व्यापार खेळतो.

चाळकरी_परळ
तुम्ही अकराशे डॉलरवर भांडताय, मूळ गोष्ट कुणी बोलेचना. संयुक्त राष्ट्रं एका सैनिकामागे महिन्याला १,४४८ डॉलर देतात, जुलै २०२२ ला लागू झालेला दर. ते जातात सरकारकडे. जवानाच्या हातात त्यांच्याकडून थेट पडतो रोजचा १ डॉलर २८ सेंट. म्हणजे कटिंग आणि वडापाव! बाकीचे कुठे गेले हे कुणी विचारत नाही.

सुभेदार_काका
मी विचारलं होतं, आणि उत्तरही मिळालं होतं. हे पैसे म्हणजे जवानाचा पगार नव्हे, देशाला दिलेली भरपाई आहे. पगार-भत्ते, कपडे, किट, जाण्याआधीचं प्रशिक्षण, वैद्यकीय तपासण्या, सगळं त्यात येतं. जवानाला त्याचा नेहमीचा पगार इथे चालूच असतो, वर परदेशाचा भत्ता सरकार देतं. संयुक्त राष्ट्रांकडून हे पैसे देशांना वेळेवर येतातच असं नाही, थकबाकीची तक्रार जुनी आहे. पगार त्यावर टांगला असता तर एक तारखेला सायलीताईंच्या घरी दूधवाल्याला काय सांगितलं असतं?

चाळकरी_परळ
काका, भरपाई म्हणा की काही म्हणा, जवानाच्या पगारपत्रकावर एक ओळ छापायला काय हरकत आहे? त्याच्या जिवावर किती आले, किती गेले, त्याला कळू दे. एवढंच म्हणतोय.

सुभेदार_काका
त्या ओळीला माझी ना नाही.

पण सायलीताई, तुमच्यासाठी दुसरंच सांगतो. आमची तुकडी लेबनॉनला होती. तिथल्या लिऱ्याचा भाव तेव्हा वर्षानुवर्षं एका डॉलरला १,५०७ वर बांधलेला. माझ्या सोबत्याने एक लाखाची कोरी करकरीत नोट आठवण म्हणून आणली. तेव्हा ती सहासष्ट डॉलरची होती. २०१९ नंतर तिथली बँकव्यवस्थाच कोसळली, भाव साडेएकोणनव्वद हजारांवर गेला. आज ती नोट जेमतेम एका डॉलरची आहे. त्याने ती फ्रेम करून लावलीय. डॉलर म्हणजे लिरा नव्हे, मान्य. पण घरात ठेवलेला परका कागद आपल्याला न विचारता कमी होतो, ही भीती माझ्या मनातून गेली नाही.

लायनगेट_माजी
काका, म्हणूनच डॉलर ठेवायचा, लिरा नाही! आणि परदेशात कार्ड वापरणाऱ्यांनो, दुबईत मशीन "रुपयांत घेऊ का दिरहममध्ये" विचारेल तेव्हा दिरहमच म्हणा. रुपये म्हणालात की भाव दुकानदाराच्या बाजूची बँक किंवा कंपनी ठरवते. मी एकदा त्यात चांगलाच कापला गेलो.

सायली_लालबाग
काल गेले होते. काउंटरवरच्या मुलाने शंभराच्या नोटा प्रकाशात धरून पाहिल्या, पटापट घेतल्या. एक-पाच-दहाच्या नोटांना मात्र भाव कमी लावला. एका शंभरवर कुणीतरी निळ्या पेनाने टिक केली होती, ती घेईचना. मला वाटलं, नोट खरी आहे ना, मग टिकेने काय होतं? तो म्हणाला, "ताई, पुढे कुणी घेत नाही." ह्यांनी सांगितलं, तिकडच्या बाजारातही फाटकी किंवा लिहिलेली नोट परत यायची.

नऊशे विकले. एफडी केली. टिकेची नोट आणि सुटे, मिळून दोनशे, राहिले.

हिशेबनीस_दादर
उत्तम. एफडीची मुदत किती?

सायली_लालबाग
तीन वर्षं. पावती सासऱ्यांच्या नावाशी जोडून केली, म्हणजे तेही गप्प. तसे ते गप्प नाहीतच. आज सकाळी पेपरात डॉलरचा भाव बघितला, वीस पैसे वर होता. बोलले काही नाहीत. पेपर घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवला, तेवढंच पान वर करून.