छोट्या अंगणात बुटका, कमी कटकटीचा झुडपी गुलाब: कोणता आणि कसा लावावा?

अंगणातली
पुण्यात घरासमोर ८ फूट × ३ फूट पट्टा मोकळा आहे, मागे भिंत. सकाळी सातपासून बारा-साडेबारापर्यंत ऊन येतं, नंतर इमारतीची सावली. माती काळी, पावसात पाणी बराच वेळ साचून राहतं. अडीच-तीन फुटांवर न जाणारा, झुपक्याने फुलणारा गुलाब हवा आहे. लांब दांड्याची फुलं नकोत. दर आठवड्याला फवारणी करणं जमणार नाही. किती झाडं बसतील? 'नॉक आउट' गुलाबाचं नाव वाचलं, तो घ्यावा का? आणि आता ऑगस्टमध्येच लावू की थांबू? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

काळीमाती
आधी पाण्याचं बघा, गुलाबाचं नंतर. गुलाबाला काळी माती चालते, साचलेलं पाणी चालत नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून मोजा. तासाला इंचभर तरी पातळी उतरायला हवी. चार तासांनीही पाणी तसंच दिसत असेल, तर खड्डा खणून त्यात भारीतली माती भरण्यावर पैसे घालवू नका. काळ्या मातीतला तसा खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि मुळं कुजतात. वरून झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. बरेच गुलाब असेच जातात.

त्यापेक्षा जमिनीवर १० ते १२ इंच उंचीचा गादीवाफा करा. खालची माती आधी सहा इंच उकरून घ्या, नाहीतर नवी आणि जुनी माती यांच्या सांध्यावर पाणी अडतं. कडेला विटा कोरड्याच रचा, सांधे सिमेंटने भरू नका. मिश्रणात तांबडी माती २ घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट १ घमेलं, जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम १ घमेलं असं प्रमाण ठेवा. ८ × ३ फुटांना फूटभर उंचीसाठी २४ घनफूट माल लागेल. तो बसल्यावर दोनेक इंच खाली जातो, म्हणून थोडा जास्तच आणा. शेणखत अर्धकच्चं असलं की त्यातून हुमणी येते, आणि हुमणी मुळं खाते. हातात घेतल्यावर वास येत असेल तर ते खत परत पाठवा.

झाडामागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड घाला. बोनमील (हाडांची पूड) सगळे सांगतात, पण आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झाडाला फारसा मिळत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते. त्याऐवजी ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मुळांच्या पातळीवर मिसळा. अंड्याच्या टरफलांचंही तेच. ज्या मातीत चुना आधीच जास्त आहे तिथे आणखी चुना कशाला?

वाफा आत्ता भरून ठेवा, पावसाने तो बसेल. लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तीन झाडं, अडीच फुटांवर एक. दोन्ही टोकांना दीड-दीड फूट सोडा. चौथं झाड बसवायचा मोह होईल, पण गर्दीत हवा खेळत नाही आणि पानं वाळायला उशीर होतो.

रोपवाला
जातीबद्दल. नर्सरीत 'झुडपी गुलाब' असं मागितलंत तर समोरचा काहीही हातात देईल. फ्लोरिबंडा, पॉलिअँथा (दोन्ही झुपक्याने फुलणारे प्रकार) किंवा बटन गुलाब असं स्पष्ट मागा. बटन गुलाब दीड फुटाच्या आसपास राहतो. पॉलिअँथातला 'द फेअरी' ही १९३२ सालची जुनी जात. दोन-तीन फूट, फिकट गुलाबी बारीक फुलांचे भरगच्च झुपके. मिळाला तर तुमच्या पट्ट्याला याच्यासारखा दुसरा नाही, फक्त उन्हाळ्यात लाल कोळीवर (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लक्ष ठेवा. 'आइसबर्ग' सगळीकडे मिळतो आणि फुलतोही भरपूर, पण तो चार फुटांकडे जातो आणि दमट हवेत काळ्या ठिपक्यांना (पानांवरचा बुरशीचा रोग) बळी पडतो. तुमच्या अटींत बसत नाही.

नाव माहीत नसलं तरी निवडायची एक सोपी युक्ती आहे. रोप सप्टेंबरमध्ये, पावसाळा संपत आला असताना घ्या. पावसात भिजूनही ज्याची पानं बुंध्यापर्यंत शाबूत आहेत, जाड आणि चकचकीत आहेत, ते घ्या. वर फुलं आणि खाली नुसत्या काड्या असतील तर फुलं कितीही सुंदर असोत, हात लावू नका. डिसेंबरात सगळेच गुलाब छान दिसतात, तेव्हा काहीच कळत नाही.

बहुतेक रोपं डोळा भरलेली असतात, म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवून केलेली, आणि मुळांशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच पुरला की आत पाणी शिरत नाही, मुळंही बाहेर येत नाहीत. लावण्याआधी गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा, कडेची चिकणमाती बोटांनी हलकेच सुटी करा. गाभा फोडू नका, बारीक मुळं तुटतात. डोळा भरलेला सांधा मातीच्या वर दोन बोटं राहिला पाहिजे. सांध्याच्या खालून फूट आली तर ती खुंटाची. कात्रीने कापली तर तिथून चार येतात, म्हणून माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा.

डॅलसकर
'नॉक आउट'बद्दल थोडं, कारण इकडे अमेरिकेत तो रस्तोरस्ती लावलेला आहे. विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांनी तयार केलेली ही जात २००० साली बाजारात आली. काळ्या ठिपक्यांना दाद देत नाही आणि वाळलेल्या पाकळ्या आपोआप गळतात, ही तिची खरी ताकद. पण लेबलवर तीन-चार फूट लिहिलेलं झाड टेक्सासच्या उष्णतेत छाटलं नाही तर पाच फूट होतं. अडीच फुटांच्या जागेसाठी 'ड्रिफ्ट' मालिकेतले गुलाब जास्त योग्य. दीड फूट उंच, अडीच फूट पसरट.

इकडच्या मराठी बागकामवाल्यांसाठी: डॅलस परिसरात 'रोझ रोझेट' या विषाणूने असे गुलाब मोठ्या प्रमाणावर मारले. तो अतिसूक्ष्म कोळ्यांमार्फत, वाऱ्याबरोबर पसरतो. झाडूसारखे लाल फुटवे आणि दांड्यावर अंगभर दाट मऊ काटे दिसले तर औषध नाही. झाड मुळांसकट काढून पिशवीत बंद करून फेका. नुसती कोवळी फूट लाल असणं मात्र गुलाबात स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका.

वाफसा
@अंगणातली, मागची भिंत घराची आहे की कंपाउंडची? घराची असेल तर फूटभर माती तिला टेकवू नका, ओल आत येईल. सहा इंच सोडून मागेही विटांची ओळ घ्या. त्या फटीतून हवाही खेळते.

छाटणी परतीचा पाऊस थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. (यंदा लावलेल्या रोपांना ती नको, फक्त मेलेल्या काड्या काढा.) कलमी लांब दांड्याच्या गुलाबासारखं गुडघ्याखाली कापायचं नाही. झुडपाची एक तृतीयांश उंची कमी करा, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. काळी पडलेली फांदी आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत मागे कापत या. तपकिरी गाभा ठेवला की शेंडेमर (फांदी टोकाकडून वाळत येणं) खाली सरकते. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे, प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. छाटणीपासून सुमारे ४५ दिवसांनी फुलं येतात. मे महिन्यात मोठी छाटणी टाळा, उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने भाजतात.

छाटणीआधी पाणी तोडून मुळं उघडी करायची जुनी पद्धत कुणीतरी सुचवेलच. एवढ्याशा वाफ्यात तिची गरज नाही.

काळीमाती
फवारणीचं राहिलं. काळे ठिपके पडायला पान साधारण सात तास सलग ओलं राहावं लागतं. म्हणजे पावसाळा सोडला तर हा रोग बराचसा आपणच आणतो, संध्याकाळी पाइपने झाड न्हाऊ घालून. पाणी सकाळी, बुंध्याशी. जूनच्या सुरुवातीला खालच्या सहा-आठ इंचांतली पानं काढून टाका आणि मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, म्हणजे पावसाचे थेंब मातीतली बुरशी पानांवर उडवत नाहीत. आच्छादन बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. ठिपके पडलेली गळकी पानं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. हे केलंत तर पावसाळ्यात मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या (लिटरला २.५ ग्रॅम) दोन-तीन फवारण्यांवर भागतं, न केल्या तरी चांगली जात पानं गाळून ऑक्टोबरात पुन्हा सावरते.

भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्रींत येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. ऊन चढल्यावर किंवा निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गंधक मारू नका, पानं करपतात. मार्च-एप्रिलमध्ये पानं धुरकट दिसली की उलटून पाहा. बारीक जाळी असेल तर लाल कोळी. तीन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, सुरुवातीला तेवढं पुरतं.

अंगणातली
सगळ्यांचे मनापासून आभार. भिंत घराचीच आहे, फट सोडते. म्हणजे रुंदी अडीच फूट उरेल, तरी तीन झाडं चालतील ना? आणि पाणी किती, खत कधी?

वाफसा
चालतील, रांग वाफ्याच्या मधोमध घ्या. पाणी दिवस मोजून देऊ नका. दोन इंच खाली बोट घालून बघा, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असेल तर थांबा. ठिबक लावणार असाल तर झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर. उन्हाळ्यात दिवसाआड तासभर, थंडीत तीन-चार दिवसांनी. खत वर्षातून तीनदा: छाटणीनंतर, पहिला बहर ओसरल्यावर आणि जूनमध्ये. प्रत्येक वेळी दोन ओंजळी कंपोस्ट आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) चा एक सपाट चमचा ओल्या मातीत, बुंध्यापासून वीतभर लांब. नत्र वाढवलंत तर कोवळी फूट माजते आणि मावा येतो.

रोपवाला
वाळलेली फुलं एकेक तोडत बसू नका. सगळा झुपका संपला की खालच्या पहिल्या पाच पानी पानाच्या वर एकदाच कापा. नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते नत्र नव्हे, लोह कमी पडतंय. काळ्या मातीमुळे किंवा बोअरच्या पाण्याने असं होतं. चिलेटेड लोहात (मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह) 'ईडीडीएचए' प्रकारचंच मागा. साधं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या मातीत घातलं की लगेच अडकून बसतं.