मदत हवी आहे : विलापगीत ३:३४-३६ मधील ‘पाहिले नाही’ कसे वाचावे?

सर्वांना नमस्कार. पुण्यात आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी एकत्र बसून बायबलमधील विलापगीत वाचत आहोत. देशातील सर्व बंदिवानांना पायांखाली तुडवणे, परात्परासमोर माणसाचा न्याय विपरीत करणे आणि त्याच्या वादात त्याला फसवणे, अशी तीन कृत्ये सांगून ३६वे वचन ज्या शब्दांनी संपते, त्यांचा मूळ हिब्रूतील शब्दशः अर्थ ‘प्रभूने पाहिले नाही’ असा आहे, आणि आमचे वाचन तिथेच अडले आहे.

ही देवाविरुद्धची तक्रार आहे, की ‘प्रभू हे पाहत नाही काय?’ असा प्रश्न? काही भाषांतरे ‘प्रभूला हे पसंत नाही’ असा अर्थ घेतात. ३३व्या वचनात प्रभू मनापासून कोणाला दुःख देत नाही असे म्हटले असल्याने हा अर्थ जुळतो खरा, पण मला थोडा सोयीचा वाटतो. जेरुसलेमच्या पाडावानंतरच्या या शोकगीतात तक्रारीला जागा का नसावी?

शिवाय ५९व्या वचनात ‘हे प्रभू, माझ्यावरील अन्याय तू पाहिला आहेस’ असे येते, आणि तिथे ‘पाहणे’ हे तेच क्रियापद असून ‘अन्याय’ हा शब्दही ३६व्या वचनातील ‘फसवणे’ याच धातूपासून आला आहे. मग कवी आधीच्या तक्रारीला स्वतःच उत्तर देत आहे, असे म्हणता येईल का?

हिब्रू जाणणाऱ्यांनी, तसेच पंडिता रमाबाईंचे मराठी भाषांतर ज्यांच्याकडे आहे त्यांनी, तेथील शब्दरचना कृपया कळवावी.