मदत हवी आहे : जर्मनीचं रेडिओ घड्याळ कोल्हापुरात कसं लावू?

रामराम मंडळी. भाच्यानं जर्मनीहून भिंतीवरचं घड्याळ आणलंय, स्वतःहून वेळ जुळवून घेणारं. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लावलं, तर काटे बाराला जाऊन थांबलेत!

थोडं वाचल्यावर कळलं की ते फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनचं ७७.५ किलोहर्ट्झचं वेळ सांगणारं रेडिओ प्रक्षेपण शोधतंय. दर सेकंदाला एक बिट, म्हणजे तारीख-वेळ पूर्ण कळायला मिनिट लागतं. पण त्याची पोच साधारण २००० किलोमीटर. इथं पंचगंगेकाठी काय येणार, कप्पाळ!

आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते आणि इंटरनेटवरून एनटीपीनं (घड्याळं जुळवायच्या ठरलेल्या पद्धतीनं) देते, हे माहीत आहे. पण वर्कशॉपात वायफाय नाही आणि वर पत्रा. म्हणून उपग्रहांकडून वेळ घेणारं जीपीएस मॉड्यूल घ्यायचा विचार आहे. त्याची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, ५ तास ३० मिनिटं मिळवायची, तेवढं जमेल.

विचारायचं असं, की अँटेना पत्र्यावर ठेवून १० मीटर केबल खाली आणली तर सिग्नल टिकतो का? आणि त्या मॉड्यूलवरून ७७.५ चा नकली सिग्नल घड्याळाशेजारीच तयार करायचा उद्योग कुणी केलाय का? नाहीतर भाच्याला काय सांगू?