नवा जोडीदार आला, मग मुलाच्या पोटगीचं काय?

मृण्मयी: घटस्फोटानंतर मूल आईकडे आहे, बाप दरमहा पोटगी देतो. पुढे आई लग्न न करता कुणाबरोबर राहू लागली की बाप म्हणतो, "घरात कमावता माणूस आलाय, आता मी का देऊ?" ही मागणी मला साफ चुकीची वाटते. पैसे मुलाचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) व्यभिचाराच्या कारणावरून पत्नीची पोटगी नाकारता येते, पण ती अट मुलाला लागू नाही.

रानवाट: कायदा मान्य, पण व्यवहारही बघा. भाडं, वीजबिल, किराणा दोघांत वाटला गेला की आईच्या हाती जास्त उरतं. आई पुरेशी कमावत असेल तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च आई-बापांत प्रमाणात वाटता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानंच राजनेश विरुद्ध नेहा खटल्यात (2020) म्हटलंय. मग तिची वाढलेली शिल्लक का मोजू नये?

मृण्मयी: तिची कमाई मोजा की! नव्या जोडीदाराची का? तो उद्या निघून गेला तर मुलाच्या फीसाठी कुणाचं दार ठोठावायचं? त्या मुलाला पोसायचं बंधन त्याच्यावर नाहीच.

चांदणवेल: कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे थेट लिहिलंय. पोटगी देणाऱ्याचा असो वा घेणाऱ्याचा, नव्या जोडीदाराचं उत्पन्न धरायचं नाही. ते वगळल्यानं एखाद्या मुलाचे फार हाल होणार असतील, तरच अपवाद.

एकटा_बाप: सगळे आईच्याच घराबद्दल बोलताय. बापानं नवा संसार मांडला, तिथेही मूल आहे, त्याचं पोट नाही का? ब्रिटनमध्ये देणाऱ्याच्या घरातली इतर मुलं, अगदी जोडीदाराची असली तरी, हिशेबात धरून रक्कम कमी करतात. मला हेच न्याय्य वाटतं.

मृण्मयी: दादा, तुमचं स्वतःचं दुसरं मूल असेल तर विचार व्हायलाच हवा. पण जोडीदाराच्या मुलांना त्यांचा बाप आहे ना? त्यांच्यासाठी पहिल्या मुलाच्या ताटातलं का काढायचं?

एकटा_बाप: तो बाप एक रुपया देत नसेल तर? त्या मुलांना मी उपाशी ठेवू?

रानवाट: इथे मीही एकटा_बाप यांच्या बाजूनं. परिस्थिती बदलली की त्याच संहितेच्या कलम 146 खाली रक्कम बदलून मागता येते. मात्र आदेश येण्याआधी परस्पर हप्ते थांबवू नका. थकबाकीसाठी वॉरंट निघतं, पैसे भरले नाहीत तर कैदही होऊ शकते.