म्हाडा कोकण मंडळ : अल्प गट हवा, अर्जात मध्यम येतोय. मदत हवी आहे

सड्यावरचा :
सोडतीचा अर्ज भरतोय. उत्पन्न गट अल्प हवाय, पण मध्यम दाखवतंय. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे ९,८०,००० आहेत. आयकर रिटर्न जोडलं तर ते पडताळणीत परत आलं. मुदत संपायला चार दिवस उरलेत. लवकर सांगा.

खाडीकाठ :
घर कुठलं ते लिहा आधी. विरार-बोळींजची शिल्लक घरं ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ने विकताना उत्पन्नाची अट शिथिल केली होती. ते असेल तर गट बघायलाच नको.

सड्यावरचा :
वर लिहिलंय, सोडत. ठाण्याजवळचं, २० टक्के योजनेतलं, म्हणजे खासगी बिल्डरच्या प्रकल्पात म्हाडासाठी राखलेलं. आम्ही रत्नागिरीत राहतो.

भरतीओहोटी :
त्या ९,८०,००० मध्ये कुणाकुणाचं उत्पन्न धरलंय?

सड्यावरचा :
घरातल्या सगळ्यांचं. वडिलांची पेन्शन, आंब्याची बाग, माझे ५,४०,०००, बायकोच्या शिवणकामाचे १,२०,०००.

भरतीओहोटी :
गोम तिथेच आहे. म्हाडा फक्त नवरा-बायकोचं उत्पन्न धरते. पेन्शन आणि बाग वडिलांची, ती यात येत नाही. तुमचे दोघांचे होतात ६,६०,०००. घर ठाण्याजवळचं, म्हणून मुंबई महानगर प्रदेशाची मर्यादा लागते: ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. म्हणजे तुम्ही अल्प गटातच. तो दाखला बाजूला ठेवा, दोघांची रिटर्न जोडा.

तिठा :
बायकोचं दाखवता कशाला? फक्त तुमचं ५,४०,००० जोडा, अत्यल्प गट मिळेल. घर स्वस्त पडेल.

भरतीओहोटी :
तिठा, असलं कृपा करून सांगू नका. उत्पन्नाची माहिती खोटी निघाली तर लागलेलं घर रद्द होतं. शिवाय अत्यल्पचं घर साधारण ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं, अल्प गटात ६० पर्यंत जातं.

कुडाळचो :
फ्लॅटाचा झंगट कित्याक? ओरसाक, सिंधुदुर्गात, प्लॉट घेवा. २०२५ च्या सोडतीत ओरोस आणि कुळगाव-बदलापूर मिळून ७७ भूखंड होते. स्वतःच्या जमिनीत घर बांधता येतं.

खाडीकाठ :
त्यांना ठाण्यात घर हवंय, ओरोसला जाऊन काय करतील? आणि भूखंड घेतला तरी बांधकामाचा खर्च वेगळा.

नारळफाटा :
एक लक्षात ठेवा, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं म्हाडाचं घर विकता येत नाही.

सड्यावरचा :
विकायचं कुठे म्हणतोय मी! रिटर्न परत का आलं ते सांगा.

भरतीओहोटी :
रिटर्नच्या पावतीवर वर्ष कोणतं आहे?

सड्यावरचा :
२०२४-२५. जाहिरातीतही २०२४-२५ च मागितलंय.

भरतीओहोटी :
जाहिरातीत आर्थिक वर्ष असतं, पावतीवर करनिर्धारण वर्ष, म्हणजे त्याच्या पुढचं. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं रिटर्न म्हणजे पावतीवर २०२५-२६ हवं. तुम्ही आदल्या वर्षीचं जोडलंय. बरेच अर्ज याच एका ओळीवर अडकतात.

सड्यावरचा :
बरोबर, २०२५-२६ चं पण भरलेलं आहे. बायकोने मात्र रिटर्न कधी भरलेलंच नाही. तिचा वेगळा दाखला काढू?

भरतीओहोटी :
चार दिवसांत दाखल्याच्या भरवशावर राहू नका. रिटर्नच भरा. शिवणकाम हा व्यवसाय, म्हणून आयटीआर-४ हा फॉर्म. मुदत उलटली असली तरी ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेत असल्याने विलंब शुल्कही नाही. आधारच्या ओटीपीने लगेच ई-पडताळणी करा, पावती त्याच दिवशी मिळते.
अधिवास प्रमाणपत्राकडेही एकदा बघा. १ जानेवारी २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं लागतं. लॅमिनेट केलेल्या कागदाचा मोबाईलने फोटो काढू नका, चकाकीने बारकोड वाचला जात नाही. ‘आपले सरकार’वरून मूळ पीडीएफ उतरवून तीच चढवा.

नारळफाटा :
जीएसटीपण विचारून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला लागत नाही, चालू बांधकामातल्या परवडणाऱ्या घराला १ टक्का लागतो. २० टक्क्यांची घरं खासगी बिल्डरच्या इमारतीत असतात, तेव्हा महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या साइटवर प्रकल्प उघडून ताब्याची तारीख बघा.

सड्यावरचा :
रिटर्न भरायला बसलोय. बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव आहे, चालेल?

भरतीओहोटी :
आधारवर कोणतं आहे?

सड्यावरचा :
माहेरचंच.

भरतीओहोटी :
मग दोन्ही जुळतात. अर्जातही तेच नाव, अक्षर न अक्षर तसंच टाका. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा. नाव आत्ता बदलायला जाऊ नका, अर्ज झाल्यावर बघा.