आठवड्याची मीटिंग, फाईन आणि थाळी: सेवा क्लबात सेवा नक्की कुठे असते?

मंगळवारवाला
काल मी टाकलेल्या आमच्या रोटरी क्लबच्या वनराई बंधाऱ्याच्या (मातीच्या गोण्या रचून ओढा अडवायचा तो) फोटोंखाली उसाचा_फड यांनी लिहिलं: "दर आठवड्याला पंचवीस सुखवस्तू माणसं एकत्र जेवतात, एकमेकांना शाली घालतात आणि त्याला सेवा म्हणतात. मीटिंगा बंद करा, जेवणाचे पैसे शाळेला द्या." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला घेतलं, लांबलं, म्हणून हा धागा.

मी तालुक्याच्या गावातल्या क्लबात आहे. सेक्रेटरी होतो, त्यामुळे मीटिंग कंटाळवाणी असते हे मला कोणी सांगू नये. साडेआठची मीटिंग, घंटा वाजते पावणेनऊला. राष्ट्रगीत, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, मग सार्जंट (हे काम नेमून दिलेला मेंबर) डबा घेऊन फाईन गोळा करत फिरतो. कोटाला रोटरीची पिन लावली नाही म्हणून फाईन, मुलीला मेडिकलला ॲडमिशन मिळाली म्हणून हॅपी फाईन. मग वक्ता. वक्त्याला वीस मिनिटं दिलेली असतात, तो चाळीस घेतो.

पण रोटरी सुरू झाली तीच मुळी मीटिंगमधून. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील आणि त्याच्या ओळखीचे तिघे एकत्र बसले, मग पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसायला लागले. सार्वजनिक शौचालयासाठीची खटपट आली 1907 मध्ये. आधी दोन वर्षं नुसतं भेटणंच होतं.

आता बंधाऱ्याचं. ऑक्टोबरात ओढ्याची धार बारीक झाली की पंधरवड्यात उरकावा लागतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या लागतात, त्या बिल्डर मेंबर देतो. गोण्यांत भरायला माती-वाळू, तिला ट्रॅक्टर. मग रविवारी सकाळी चाळीस हात. हे सगळं मंगळवारी जेवताना दहा मिनिटांत ठरलं. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर चौदा जणांनी 🙏 टाकला असता आणि ओढ्यावर मी एकटा.

आमचं रुग्णसाहित्य केंद्रही असंच. फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर करता येते ती खाट), व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत ठेवा, घेऊन जा, काम झालं की परत आणा. कुठली खाट कुणाकडे अडकली आहे ते रजिस्टरात सापडत नाही, मीटिंगमध्ये सापडतं. "अहो ते आजोबा गेले की दिवाळीत," असं कोणीतरी पापड मोडत सांगतो.

उसाचा_फड
माझ्या एका प्रतिसादावर अख्खा धागा? आभारी आहे. फाईन किती लावू?

मी बाहेरून दगड मारत नाहीये. मीही होतो मेंबर, आमच्या भागातल्या एका क्लबात. क्लबचं नाव घेत नाही, मित्र आहेत अजून. सहामाही वर्गणी, त्यात रोटरीच्या जिल्ह्याचा (म्हणजे भागातल्या क्लबांच्या गटाचा) वाटा, वरचा वाटा. जुलैत पदग्रहण: हॉल, फ्लेक्स, ब्लेझर, बाहेरून पाहुणा. मग त्या जिल्ह्याच्या प्रमुखाची, गव्हर्नरची, भेट: पुन्हा हॉल, पुन्हा फ्लेक्स. आम्ही त्या वर्षी झाडं लावली जुलैत आणि एप्रिलमध्ये त्यांना पाणी घालायला कुणी नव्हतं, कारण अध्यक्ष बक्षिसांच्या फायली भरत बसले होते. पुढच्या जुलैत नवे अध्यक्ष आले. खड्डे तेच, रोपं नवी, फ्लेक्स नवा.

शिवाय ते पॉल हॅरिस फेलो. 1000 डॉलर द्या, पिन घ्या. देवळाच्या पायरीवर नाव कोरणारे तरी स्वतःला समाजसेवक म्हणवत नाहीत.

मंगळवारवाला
झाडांचं मान्य. आमचीही मेली. पण डॉलरवर अर्धवट माहितीने बोलू नका. तो पैसा रोटरी फाउंडेशनला जातो, आणि वार्षिक निधीतला जवळपास निम्मा तीन वर्षांनी जिल्ह्याच्या हातात परत येतो. त्यातून ग्लोबल ग्रँट उभी राहते. धर्मादाय रुग्णालयांत डायलिसिसची मशिनं अशा ग्रँटमधून आलेली आहेत. ज्याचं डायलिसिस स्वस्तात होतं तो पिन बघत नाही.

नागपुरी_तर्री
काहून एवढं मनावर घेता जी? दोघांचंही पोट भरलेलंच दिसते. माझा प्रश्न साधा हाय. दर वर्षी 24 ऑक्टोबरला, पोलिओ दिनाला, फ्लेक्स लागते, पोलिओ रोटरीनं संपवला म्हणून. अंगणवाडीच्या बाईचा फोटो कधी पाहिला का त्या फ्लेक्सवर?

मंगळवारवाला
एकट्याने संपवला असं कोणी म्हणत नाही. रोटरीने पोलिओप्लस ही पोलिओविरोधी मोहीम जाहीर केली 1985 ला, जागतिक आरोग्य परिषदेचा पोलिओ निर्मूलनाचा ठराव त्यानंतर, 1988 ला. भारतात देशव्यापी पल्स पोलिओ 1995 पासून. पैसा, पाठपुरावा, मंत्र्यांच्या मागे लागणं हे कुणीतरी केलंच ना? भारतात वाइल्ड पोलिओचा (नैसर्गिक विषाणूचा) शेवटचा रुग्ण सापडला 13 जानेवारी 2011 ला हावड्यात, आणि 27 मार्च 2014 ला भारतासह WHO चा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. टोपी घालून बूथवर उभा राहणारा मीही होतो.

फळा_खडू
साहेब, तुम्ही उभे होतात तो बूथ आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होता. रविवारी कुलूप मी उघडत होतो. डाव्या करंगळीला शाई लावत होत्या अंगणवाडीताई. सोमवारपासून घरोघरी जाऊन दारावर खडूने P (सगळ्या मुलांना डोस मिळाला) नाही तर X (कुणी राहिलं) लिहीत होतो आम्ही. ज्या घरावर X, तिथे परत जायचं. परत जाताना टोपीवाले दिसायचे नाहीत. असो.

मी जि.प. शाळेवर आहे, पट अठरा. विषय निघालाच आहे तर "लाभार्थी" म्हणून बोलतो. गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेला वह्या मिळाल्या, दप्तरं मिळाली, हात धुवायचं स्टेशन मिळालं, प्रोजेक्टर मिळाला. सगळं वेगवेगळ्या क्लबांकडून, नावं नकोत. कार्यक्रम साडेदहाचा, पाहुणे येणार बाराला. मुलं ओळीत बसलेली. पोषण आहाराची खिचडी गार. रांगोळी सहावीच्या मुली काढणार, चहा-पोहे मॅडम करणार, नारळ-शाल माझ्या खिशातून. शाळेला शिपाई नाही, म्हणून बॅनरचं एक टोक मीच धरतो आणि फोटोत अर्धा येतो. मग महिनाभराने फोन येतो, "गुरुजी, वापराचा फोटो पाठवा, रिपोर्टला लागतो."

वापराचा फोटो कसा पाठवू? वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलंय. प्रोजेक्टर कपाटात आहे, उंदरांनी वायर खाल्ली आहे.

उसाचा_फड
गुरुजी, एकच नंबर. हेच म्हणत होतो मी.

मंगळवारवाला
गुरुजी, तुमचा राग पोहोचला. पण वीजबिल भरणं क्लबचं काम नाही. आम्ही वस्तू देतो, दरमहाचा खर्च अंगावर घेतला तर दोन वर्षांत क्लब बंद पडेल. शाळा व्यवस्थापन समिती आहे ना तुमची? ग्रामपंचायत आहे ना?

फळा_खडू
समिती आहे. अध्यक्ष ऊसतोडीला गेले आहेत, मार्चनंतर येतील. ग्रामपंचायतीचं स्वतःचं पथदिव्याचं बिल थकलंय. सादिल (किरकोळ खर्चाचा निधी) येतं तेव्हा येतं. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, आणि पट अठरा. त्यात खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, पावसात उडालेला पत्रा. आता सांगा, बिल कशातून भरू? पगारातून दोनदा भरलं. बायकोने विचारलं, घरचं कोण भरणार?

भिंगवाला
मी नेत्रतज्ज्ञ. कुठल्याच क्लबात नाही, पण सगळ्यांनी मला मोतीबिंदूवर बोलायला बोलावलंय. शेवटी वक्त्याला पेन देतात. ड्रॉवरमध्ये पेनं इतकी झाली आहेत की नात दुकान मांडते.

मूळ मुद्द्यावर येतो. नेत्रशिबिरात तपासणी सोपी असते. तंबूत ऑपरेशनं करायचे दिवस गेले, पेशंट रुग्णालयातच न्यावा लागतो. खरं काम दुसऱ्या दिवशीपासून: पट्टी काढणे, थेंब वेळेवर घालणे, आठवड्याने पुन्हा दाखवणे. पंचवीस किलोमीटरवरच्या वाडीतली म्हातारी स्वतःहून येत नाही. आमच्याकडे एका क्लबचा टेम्पोवाला मेंबर आहे. भाषणाच्या वेळी हमखास झोपतो, पण फॉलोअपच्या दिवशी सकाळी सातला वाडीत हजर. तो मंगळवारी आला नसता तर मला त्याचा नंबरही माहीत नसता. म्हणून मीटिंग राहू दे. माझं भाषण तेवढं बंद करा.

तिसरी_घंटा
मीटिंगच्या बाजूने लिहिणारे सगळे पुरुष दिसताहेत, म्हणून सांगते. मी क्लबची अध्यक्ष राहिलेली आहे. रोटरीने बायकांना दार उघडलं 1989 मध्ये, ते पण अमेरिकेत कोर्टात हरल्यावर. दार उघडलं, मीटिंगची वेळ मात्र दुकानाचं शटर खाली ओढल्यानंतरचीच राहिली. रात्री साडेआठ ते साडेदहा. घरी सासूबाईंना औषध, मुलाची दहावी. पूर्वी सलग चार मीटिंगा चुकल्या की सदस्यत्व जायचं, नाहीतर चौदा दिवसांत दुसऱ्या क्लबात बसून मेकअप, म्हणजे हजेरीची भरपाई, करायची. ज्या बाईला स्वतःच्या क्लबात येता येत नाही ती शेजारच्या गावच्या क्लबात रात्री जाणार होय?

2016 पासून महिन्यात दोन मीटिंगा पुरतात, नियमच बदलला. आम्ही केलं. दोन मीटिंगा संध्याकाळी सहाला, चहा-बिस्किटावर. उरलेल्या दोन आठवड्यांत रविवारी सकाळी काम. सात बायका मेंबर झाल्या.

मंगळवारवाला
ताई, आणि जुने किती गेले?

तिसरी_घंटा
पाच. त्यातले चार फक्त जेवायला यायचे.

मंगळवारवाला
हे ठरवणार कोण? आमच्याकडे एका वर्षी पंधरवड्याची मीटिंग करून बघितली. एक चुकली की माणूस महिनाभर दिसत नाही, आणि महिनाभर न दिसलेल्याला रविवारी ओढ्यावर बोलवायला जीभ रेटत नाही. तुमचा अनुभव तुमच्यापाशी. जेवायला येणाऱ्यांना तुच्छ लेखू नका. आमच्याकडचा एक असाच "जेवायला येणारा" कोविडमध्ये रात्री दोनला सिलिंडर पोचवत होता.

तिसरी_घंटा
कोविडमध्ये सिलिंडर पोचवणाऱ्याच्या घरात त्या वेळी स्वयंपाक कोण करत होतं, तेही लिहा. चहा-बिस्किटावर तो आला नसता असं तुम्हीच म्हणताय, मी नाही.

नागपुरी_तर्री
😂 ताईंनी सार्जंटलाच फाईन मारला.

उसाचा_फड
गुरुजींच्या शाळेवर या. सोलर बसवा, बिलाची कटकटच नको.

मंगळवारवाला
बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तेव्हा कोण अध्यक्ष असेल? तुमच्याच झाडांची गोष्ट होईल.

नागपुरी_तर्री
अन् माकडं? आमच्या शाळेत पॅनल लावलं तर वानराची टोळी तिथंच सभा भरवते. दर आठवड्याला. फाईन नाही घेत बिचारे.

भिंगवाला
शेती आणि घरगुती बिलाला सवलती आहेत, शाळेला का नसावी? हे क्लबाने नाही, आमदाराने सोडवायचं.

फळा_खडू
आमदारसाहेबांनी व्यासपीठ दिलं आहे. सिमेंटचं, नावासकट.

उसाचा_फड
मंगळवारवाले, तुमच्या चार कसोट्या म्हणता ना दर मीटिंगला? ते खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का वगैरे. प्रोजेक्टरला लावून बघा.

मंगळवारवाला
लावतो. तुम्ही वर्गणी भरत होतात तेव्हा लावली होतीत का? हर्बर्ट टेलरने त्या 1932 मध्ये लिहिल्या त्या बुडत्या कंपनीसाठी, दुसऱ्याला टोचायला नव्हे.

बरं, एवढं मान्य करतो: वस्तू द्यायच्या आधी मीटर आहे का बघायला हवं. आमच्या क्लबापुरतं सांगतो, यादीत तो रकाना नाही. पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये विषय काढीन. उसाच्या फडाला हे श्रेय देत नाही, गुरुजींना देतो.

उसाचा_फड
श्रेय नको, पिन पाठवा.

तिसरी_घंटा
गुरुजी, रागावू नका, पण तुमच्या तालुक्याच्या क्लबात एकदा पाहुणे म्हणून नाही, तक्रार घेऊन जा. भाषण नको. थकबाकीचा कागद आणि उंदराने खाल्लेली वायर न्या.

फळा_खडू
गेलो असतो ताई. त्यांची मीटिंग साडेआठला. आमच्या गावाची शेवटची एसटी साडेसातला.

मंगळवारवाला
मग त्यांनाच सांगा, एक मीटिंग शाळेत घ्या. आम्ही घेतली आहे असल्या वाडीवर. सतरंजी टाकली, मुलांबरोबर बसलो.

फळा_खडू
रात्री साडेआठला? लाईट कुठाय, साहेब?